सासऱ्यांच्या रणगाड्याला चढवलेला गंज

खोका उघडला आणि सर्व्हेअरला पहिला धक्का बसला. आत रणगाडा नव्हता.

झाकणावर होता. चांगला धुरळा उडवत, तोफ रोखून, समोरच्या माणसाने आपलं नेमकं काय चुकलं याचा विचार करत बसावं अशा रुबाबात निघालेला. आत मात्र शेवाळी प्लास्टिकच्या नऊ जाळ्या होत्या आणि त्या जाळ्यांना चिकटलेले चारशे बारा तुकडे. सोबत चोवीस पानांची पुस्तिका होती. तिच्यात एकही शब्द नव्हता, नुसते बाण होते. सर्व्हेअरने खोका उलटा करून झटकला. रणगाडा पडला नाही.

त्याच्या पेशातल्या माणसाला हा धक्का जरा जास्तच लागण्यासारखा होता. तो विमा कंपनीचा सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, पोचे मोजायचे, फोटो काढायचे आणि शेवटच्या रकान्यात नुकसानीचं कारण लिहायचं, हे त्याचं काम. एकवीस वर्षांत त्याने हजारो वाहनांचे तुकडे पाहिले होते, पण ते सगळे तुकडे आधी वाहन होते. वाहन होण्याच्या आधीच तुकडे झालेलं वाहन तो पहिल्यांदाच बघत होता. 'संपूर्ण नुकसान' असा शेरा त्याच्या मनात आपोआप उमटला.

हा उद्योग त्याने अंगावर घेतला होता तो सासऱ्यांसाठी. सासरे अडीच महिन्यांनी पंच्याहत्तर वर्षांचे होणार होते. उमेदीची बावीस वर्षं त्यांनी लष्करात रणगाडा चालवण्यात घालवली होती, आणि खोक्यावरचा रणगाडा त्याच जातीचा होता. वाढदिवस सर्व्हेअरच्या घरी व्हायचा ठरला होता. साडूने आपण मालिश करणारी खुर्ची आणणार असल्याचं आधीच जाहीर करून टाकलं होतं. साडू नेहमी अशाच वस्तू आणतो, ज्यांना प्लग असतो.

पण खरं दुखणं साडूचं नव्हतं, पान्याचं होतं. लग्नानंतर सर्व्हेअर पहिल्यांदा सासरी गेला तेव्हा न्हाणीघरातला नळ गळत होता. नवा जावई उत्साहाने उठला आणि पाना उचलला. सासऱ्यांनी एक अक्षर न बोलता तो पाना त्याच्या हातातून काढून घेतला आणि त्या मोकळ्या हातात वर्तमानपत्र ठेवलं. या गोष्टीला अठरा वर्षं झाली. मधल्या काळात सासऱ्यांच्या घरी पंखे उतरवले गेले, मिक्सर उघडला गेला, फुगलेलं दार तासलं गेलं, आणि प्रत्येक वेळी जावयाच्या हातात वर्तमानपत्र आलं. साडूला निदान एकदा टॉर्च धरायला मिळाला होता. जगातल्या घडामोडींची सर्व्हेअरला जी उत्तम माहिती आहे, ती या कारणाने.

तर आपल्या हाताने काहीतरी जोडायचं, तेही सासऱ्यांचाच रणगाडा, आणि तो त्यांच्या समोर ठेवायचा, असा बेत होता. बायकोला त्याने तो सांगितला तेव्हा ती बराच वेळ त्याच्या हातांकडे बघत राहिली.

"बाबांना आपण शर्ट घेऊ या ना," ती म्हणाली.

आता रंगांची हकीकत. रंग, थिनर आणि गोंद वेगळ्या पार्सलने येणार होते. ते आले नाहीत, त्यांच्याबद्दलचं पत्र आलं. सर्व्हेअर पार्सल कार्यालयात गेला. खिडकीमागच्या बाईंनी सांगितलं की पार्सलमध्ये पेट घेणारे पदार्थ आहेत, आणि 'उपयोग' या रकान्यात पाठवणाऱ्याने 'रणगाड्यासाठी' असं लिहिलं आहे. एवढ्यावरून इथल्या तिघांनी चहा अर्धवट टाकला होता. सर्व्हेअरने वीतभर हात करून रणगाड्याचा आकार दाखवला. बाईंनी आकार कुठेच विचारलेला नव्हता. रणगाडा तुमच्या मालकीचा आहे का, हे विचारलं होतं. तो हो म्हणाला. चालू स्थितीत आहे का? इथे दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. पण फॉर्मवर खोटं लिहायचं नाही हा सर्व्हेअरचा एकवीस वर्षांचा नेम. तो म्हणाला, सध्या सुटा आहे.

मग बाईंनी दुसरा फॉर्म काढला, नादुरुस्त वाहनाच्या सामानाचा. त्याला मान्यताप्राप्त सर्व्हेअरचा दाखला लागत होता. सर्व्हेअरचा चेहरा उजळला. तो म्हणाला, मीच मान्यताप्राप्त सर्व्हेअर आहे.

"स्वतःच्या वाहनाचा सर्व्हे स्वतःला करता येत नाही," बाई म्हणाल्या.

हे वाक्य त्याने स्वतः आजवर शेकडो लोकांना ऐकवलं होतं, याच चालीत. ते ऐकणाऱ्याला कसं लागतं हे त्याला आज कळलं. शेवटी ऑफिसातल्या ज्युनिअरला घरी बोलवावं लागलं. ज्युनिअर टेप घेऊन आला, भिंग घेऊन आला, जाळ्यांचे चारही बाजूंनी फोटो काढले आणि दाखला दिला: 'वाहन प्रत्यक्ष पाहिले. जेवणाच्या टेबलावर, नऊ जाळ्यांत उभे. अपघाताच्या खुणा नाहीत. वाहनात चालक आढळला नाही.' दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्याला ॲव्हरेज किती देतो असं विचारू लागले.

सामान सुटलं, एक बाटली सोडून. काम संपल्यावर सगळ्या रंगांवरून जो शेवटचा पक्का लेप द्यायचा असतो, त्याची ती बाटली. यादीत तिचं वर्णन 'पारदर्शक' असं होतं, आणि जी वस्तू लावल्यावर दिसतच नाही तिची तपासणी कशी करायची याबद्दल वरून सूचना मागवल्या होत्या. सर्व्हेअरने विचार केला, दिसत नाही तर अडतंय कशाला. ही बाटली वाचकांनी लक्षात ठेवावी. त्याने ठेवली नाही.

जोडणी सुरू झाली. जाळीतून तुकडा कापायचा, कड घासायची, चिमट्यात धरायचा, गोंदाचा थेंब लावायचा आणि श्वास रोखायचा. एकशे चौसष्टावा तुकडा, म्हणजे झाकणाची मूठ, जिऱ्याएवढी, चिमट्यातून जी उडाली ती गेलीच. बायको, कन्या आणि सर्व्हेअर असे तिघे दोन तास फरशीवर पालथे पडले होते. अकरा वर्षांपूर्वी हरवलेलं कानातलं सापडलं, त्यामुळे घरात तेवढ्यापुरता आनंद झाला. मूठ सापडली नाही.

वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्याने ही हकीकत ऐकली आणि तो आपण होऊन खाली आला. त्याने आपला जुना चिमटा दिला, आकडा दिला, तोंडात घालायचा छोटा आरसा दिला. पुढची खुर्ची ओढून बसला आणि रणगाड्याचं पोट बघत म्हणाला, जरा मोठा उघडा असता तर बरं झालं असतं. त्याला सवय होती.

पाच आठवड्यांनी रणगाडा उभा राहिला. हिरवा रंग दिला, सासऱ्यांच्या अल्बममधून बायकोने गुपचूप आणलेल्या जुन्या फोटोत बघून बुरुजावर त्यांच्या रणगाड्याचा नंबर घातला. मग लांब उभं राहून पाहिलं आणि दुसरा मोठा धक्का बसला.

"पप्पा, साबणाच्या डबीसारखा दिसतोय," कन्या म्हणाली.

दिसत होता. खरा रणगाडा असा नसतो. सर्व्हेअरने मोबाइलवर शोधलं तेव्हा एक दाढीवाला उदास माणूस भेटला. त्याचं म्हणणं, नवाकोरा रणगाडा हे धडधडीत असत्य आहे. त्याला जुनं करावं लागतं. स्पंजाने रंगाचे टवके काढायचे, पातळ तपकिरी रंग खाचांत सोडायचा, गंजाची पूड चोळायची, चिखल माखायचा. सर्व्हेअर थक्क झाला. आयुष्यभर तो लोकांनी केलेलं नुकसान कमी करून दाखवत आला होता. नुकसान करायलाच बसणारी माणसं जगात आहेत आणि त्यांना पुड्या विकत मिळतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण धक्का ओसरल्यावर त्याच्या लक्षात आलं की जगात हे काम जर कोणाला साधणार असेल तर ते आपल्याला. पोचा कसा पडतो, टवका कुठून उडतो, हे त्याच्याइतकं कोणी पाहिलं होतं?

दंतवैद्याचाही सल्ला घेतला. मुद्दाम डाग पाडायचे हे ऐकून तो आधी हादरला, त्याचं सगळं आयुष्य उलट्या दिशेने गेलं होतं. पण डाग कुठे पडतात हे त्याला पाठ होतं. कडेकडेने जाड, मधे विरळ, आणि मुळाशी पिवळसर, असं त्याने कागदावर काढून दिलं.

दाढीवाल्याने बजावलं होतं की आधी एखाद्या जुन्या वस्तूवर हात बसवा. इथे अडचण आली. घरात जुनी दिसणारी वस्तूच नव्हती. बायको तिच्या वडिलांवर गेलेली. सासरे झाडांची पानं ओल्या फडक्याने पुसतात, स्कूटर पावसात भिजू नये म्हणून स्वतः भिजतात, आणि कोणाकडे गेले तर बेल वाजवायच्या आधी बेल पुसतात. सर्व्हेअर हे सगळं अठरा वर्षं बघत आला होता. त्यातून काही निष्कर्ष काढावा, असं त्याला एकदाही वाटलं नाही. निष्कर्ष काढणं हा ज्याचा धंदा आहे, त्या माणसाबद्दल आपण बोलतो आहोत.

तर घरात काही मिळेना म्हणून रविवारी दुपारी, इमारत वामकुक्षीत असताना, तो खाली जिन्याजवळ गेला आणि आपल्या टपालपेटीवर हात बसवला. पेटी आपलीच होती, म्हणजे गुन्हा नव्हता. आधी स्पंजाने गडद तपकिरी, मग नारिंगी, मग खाली ओघळ. संपल्यावर तो स्वतःच दचकला. पेटी शंभर वर्षांची दिसत होती. फोटो काढायला मोबाइल आणावा म्हणून तो वर गेला, तिथे चहा झालेला होता, चहाबरोबर साडूचा फोन आला, आणि पेटी राहिली.

सोमवारी सकाळी ती सेक्रेटरींना दिसली.

इमारतीच्या सेक्रेटरींबद्दल एवढंच सांगितलं पाहिजे की जिन्यातला बल्ब गेला तरी ते आधी शोकसभेसारखा चेहरा करतात आणि मग बल्ब बदलतात. शनिवारी धडधाकट असलेली पेटी सोमवारी अशी, हे बघून त्यांनी कठड्याचा आधार घेतला. संध्याकाळी तातडीची सभा झाली. सेक्रेटरींनी मुद्दा मांडला: एका पेटीला दोन दिवसांत एवढा गंज चढतो, तर उरलेल्या पंधरा पेट्यांचं काय, गॅलरीच्या गजांचं काय, आणि खांबांच्या आतल्या सळ्यांचं काय? शेवटच्या प्रश्नाला खोलीतली सगळी माणसं भिंतींपासून थोडी लांब सरकली. तळमजल्यावरच्या काकांनी सांगितलं की गेल्या गुरुवारपासून पाण्याला लोखंडाची चव येते आहे. गुरुवारी पेटी कोरी होती हे फक्त सर्व्हेअरच्या लक्षात आलं. दंतवैद्याकडेही याच इमारतीतले दोघं दात पिवळे झाल्याची तक्रार घेऊन आले होते. त्याचं बोलणं झाल्यावर सगळ्यांनी जिभेने आपापले दात चाचपले.

मग सेक्रेटरी म्हणाले, आपल्यात एक नुकसानीचे तज्ज्ञ असताना बाहेर कशाला जायचं? आणि सगळ्या माना सर्व्हेअरकडे वळल्या.

"सांगून टाका," शेजारी बसलेली बायको ओठ न हलवता म्हणाली.

सर्व्हेअर उभा राहिला. तोंड उघडलं. सोळा बिऱ्हाडांचे घाबरलेले, विश्वासाने भरलेले चेहरे त्याच्याकडे बघत होते.

"बघतो," तो म्हणाला.

अशा रीतीने आपण केलेल्या गंजाच्या चौकशीवर तो स्वतःच नेमला गेला. स्वतःच्या वाहनाचा सर्व्हे स्वतःला करता येत नाही, हे वाक्य तीन दिवस त्याच्या कानात वाजत होतं. चौथ्या दिवशी त्याने तीन पानी अहवाल दिला. कारणाच्या रकान्यात 'हवामान' लिहिलं. तातडीचा धोका नाही, सहा महिने निरीक्षण करावे, असा शेरा मारला. पेटीवर पिवळा कागद चिकटवला गेला: हात लावू नये, चौकशी चालू आहे. सेक्रेटरींनी त्याचे आभार मानले. काका म्हणाले, पाण्याची चव सुधारली.

खरं म्हणजे इथे त्याला शरम वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण दुसरंच काहीतरी जास्त वाटलं. एकवीस वर्षांत त्याच्या कोणत्याही अहवालावर कोणी भांडल्याशिवाय विश्वास ठेवला नव्हता. माणूस म्हणून नाही, पण कलावंत म्हणून त्याची छाती भरून आली. याच भरात त्याने रणगाड्यावर हात चालवला. पेटीला दिला त्याच्या दुप्पट गंज दिला. डावा पत्रा मेणबत्तीवर धरून वाकवला. पट्ट्यांमध्ये चिखल भरला, कडांना दंतवैद्याने सांगितला तसा जाड थर बसवला. रणगाडा असा दिसू लागला की त्याला बघून लढाई थांबवावी.

एवढं करून थांबला असता तरी चाललं असतं. पण कागदाशिवाय नुकसान त्याला उघडंबोडकं वाटतं. म्हणून त्याने रणगाड्याचा रीतसर सर्व्हे अहवाल तयार केला, कंपनीच्या नमुन्यात, भेट म्हणून सोबत द्यायला. वाहन क्रमांक घातला, नुकसानीची कलमं घातली, आणि प्रत्येक कलमापुढे कारण. हात सवयीने चालत राहिला. सही करून, शिक्का मारून, त्याने तो निळ्या फाइलीत लावला.

वाढदिवसाच्या दुपारी घर भरलं. खुर्ची आली होती, प्लगला लागली होती, आणि साडू तिच्या अकरा तऱ्हा येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत होता. दंतवैद्य होता. सेक्रेटरीही होते, चौकशी-प्रमुखांच्या घरचं कार्य म्हणून मुद्दाम आले होते. सासरे आले तेव्हा त्यांनी बेल पुसलेली सगळ्यांना ऐकू आली. आत आले, नातीच्या डोक्यावर हात ठेवला, घडी केलेला रुमाल मुठीत तसाच धरून ठेवला आणि टेबलाशी येऊन उभे राहिले. सर्व्हेअरने रणगाड्यावरचं कापड बाजूला केलं.

सासऱ्यांनी चष्मा लावला.

"हा माझा नंबर आहे," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"याला गंज आहे."

"हो, बाबा," सर्व्हेअर म्हणाला. त्याच्या आवाजात आयुष्यात पहिल्यांदा अभिमान होता, आणि तो नेमका इथे खर्च झाला.

सासऱ्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. आधार शोधता शोधता त्यांचा हात मागच्या खुर्चीला लागला आणि ते बसले. ती साडूची खुर्ची होती, आणि चालू होती. जावयाने नम्रपणे निळी फाइल त्यांच्या हातात दिली. यानंतर सासरे जे वाचत गेले ते थरथरत्या आवाजात होतं. बायकोला वाटलं बाबांना भरून आलं, तिने डोळ्यांना पदर लावला. साडू रिमोट शोधत होता. रिमोट सासरे बसले होते त्याच गादीखाली होता.

"डा-डावा पत्रा वाकला," सासरे वाचत होते. "कारण, चा-चालकाचा अंदाज चुकला." त्यांनी पान उलटलं. "पट्टा सै-सैल. कारण, देखभालीचा अभाव. गंज, स-सर्वत्र. कारण, चालकाने वा-वाहन वेळेवर धु-धु-धुतले नाही."

खोलीत फक्त खुर्चीची घरघर ऐकू येत होती. सर्व्हेअरला आता कळत होतं. अठरा वर्षांचे सगळे पुरावे, ती पानं, ती स्कूटर, ती बेल, एकामागून एक त्याच्या डोळ्यांसमोरून जाऊ लागले. शेवटची ओळ काय आहे हे त्याला आठवलं आणि ती वाचली जाऊ नये म्हणून त्याने हात पुढे केला. उशीर झाला होता.

"चा-चालक निष्काळजी. दावा ना-नामंजूर."

सासरे उठले. उठल्याबरोबर आवाज स्थिर झाला, आणि तो जास्त वाईट होता.

"बावीस वर्षं," ते म्हणाले. "रोज दोनदा. बाहेरचे पाहुणे आले की साहेब आधी माझी गाडी दाखवायचे. झाकणात बघून माणसं दाढी करायची. आणि तुम्ही लिहिता धुतली नाही."

सर्व्हेअरने त्यांच्या हातातली फाइल काढून घेतली आणि पाठीमागे धरली.

सासरे वाकले आणि बोटाच्या टोकाने रणगाड्याची कड खरवडली. बोटाचा वास घेतला. मग मुठीतला रुमाल उलगडला. रुमालाच्या मध्यभागी तळहाताएवढा तपकिरी-नारिंगी डाग होता.

"खालची पेटीही तुमचीच का?" त्यांनी विचारलं. "येताना पुसली. एका हातात स्वच्छ झाली. वर कागद होता, हात लावू नये म्हणून. घाण असेल तर हात लावायचा नाही तर काय लावायचं?"

सेक्रेटरींच्या हातातला कप बशीच्या आणि तोंडाच्या बरोबर मध्ये थांबला. त्यांनी रुमालाकडे पाहिलं, रणगाड्याकडे पाहिलं, चौकशी-प्रमुखांकडे पाहिलं, आणि त्यांना बसावंसं वाटलं. रिकामी खुर्ची एकच होती.

"आणि गंज असा नसतो," सासरे पुढे म्हणाले. त्यांना आता अपमानापेक्षा चूक जास्त छळत होती. "गंज सांध्यातून निघतो, पाणी साचतं तिथून. हा कडेकडेने बसलाय. हिरडीवर बसावा तसा. हे दातांचं कीटण आहे."

दंतवैद्याने मान खाली घातली. निदान अचूक होतं.

सासऱ्यांनी मुलीला कोमट पाणी, साबण आणि जुने टूथब्रश आणायला सांगितलं. रणगाड्याचा बुरुज अलगद फिरवून पाहिला, पोटाखाली बोट घातलं, पट्टा उचलून खालची चाकं मोजली. प्रत्येक चाक फिरत होतं. त्यांनी चाकं पुन्हा एकदा मोजली.

"जोडलाय कोणी?"

"मी," सर्व्हेअर म्हणाला. "झाकणाची एक मूठ उडाली. सापडली नाही."

"आमचीही उडाली होती," सासरे म्हणाले. "पहिल्याच वर्षी. शेवटपर्यंत नव्हती."

हे ते सहज बोलले, जणू काही विशेष नाही, आणि तिपाईवरचं वर्तमानपत्र उचललं. सर्व्हेअरचा हात आपोआप पुढे आला. अठरा वर्षांची सवय ती. आपली जागा कोणती हे त्या हाताला त्याच्यापेक्षा आधी कळत असे. आता कोपऱ्यात जाऊन बसायचं आणि जगात काय चाललंय ते वाचायचं.

सासऱ्यांनी वर्तमानपत्र त्याला दिलं नाही. ते उलगडून टेबलावर पसरलं, चारही टोकं सारखी केली आणि त्यावर रणगाडा ठेवला. मग त्या पुढे आलेल्या हाताकडे क्षणभर पाहिलं, आणि त्यात टूथब्रश ठेवला.

"डावी बाजू तुझी," ते म्हणाले. "सांध्यात घाल. वरवर नको."

अठरा वर्षं 'तुम्ही' म्हणवून घेतलेल्या जावयाचे कान गरम झाले. त्याने ब्रश पाण्यात बुडवला. पक्का लेप अजून पार्सल कार्यालयात सूचनांची वाट बघत पडला होता, त्यामुळे एवढ्या मेहनतीचा गंज पहिल्याच हाताला सुटू लागला, चिखल निघाला, कीटण निघालं, आणि खालून हिरवा रंग वर आला, साबणाच्या डबीसारखा चकचकीत. सासरे उजवी बाजू घासत होते. मधेच थांबून ते जावयाचं काम तपासत, एखाद्या सांध्यावर बोट ठेवत आणि म्हणत, परत. सर्व्हेअर परत घासत होता. साडू जवळ येऊन, टॉर्च धरू का, म्हणून विचारून गेला. उजेड भरपूर आहे, असं सासऱ्यांनी त्याला सांगितलं.

मागून सेक्रेटरींचा आवाज आला. ते खुर्चीत होते, रिमोट अजून सापडला नव्हता.

"या पे-पेटीबद्दल," ते म्हणाले, "उद्याच स-सभा बोलवावी लागेल."

"आधी चाकं होऊ द्या," सासरे मागे न बघता म्हणाले, आणि जावयाच्या ब्रशाखाली पट्टा धरून राहिले.

तपकिरी पाणी वर्तमानपत्रावर पसरत गेलं, मथळे भिजले, फोटो विरघळले. त्या दिवशी जगात काय काय घडलं होतं, हे सर्व्हेअरला आजतागायत माहीत नाही.